वाळवंटातला बर्फ आणि मी न दिलेला गोल

मुलीच्या खांद्याजवळचं हाड मोडल्याची बातमी मला हर्णैच्या किनाऱ्यावर, मासळीच्या लिलावात कळली. मुलगी बहारीनला, हाड बहारीनला, आणि सांगणारी कोण, तर माझ्या शेजारी उभी राहून बांगडे निवडणारी एक बाई. तिची बहीण रुक्साना आमच्या मनूच्याच बिल्डिंगमध्ये राहते. "आता हात हलतो ना तुमच्या मुलीचा?" असं तिने फार मायेने विचारलं. मी हातातली सुरमई टोपलीत ठेवली आणि तिथल्या तिथे मनूला फोन लावला.

मनू म्हणजे माझी मुलगी मानसी. बहारीनमध्ये अकाउंटंट आहे. दिवसभर आकड्यांत डोकं घालून बसणाऱ्या मुलीचं हाड मोडतं कसं? तर म्हणे आइस हॉकी. वाळवंटात. मला आधी वाटलं की ही काहीतरी दुसरंच लपवते आहे, म्हणून असलं अचाट कारण देते आहे. पण तिने फोटो पाठवले. डोक्यावर हेल्मेट, अंगावर गाद्या बांधल्यासारखा पोशाख, हातात काठी, पायात पात्यांचे बूट, आणि चेहऱ्यावर लहानपणी चिखलात खेळून यायची तेव्हा असायचं तेच हसू. तीन वर्षं खेळत होती. मला पत्ता नाही.

मी शाळेत क्रीडाशिक्षिका होते, आता निवृत्त आहे. कबड्डीची पंच मात्र अजून आहे. दापोली, खेड, गुहागर, कुठेही सामने असले की शिट्टी घेऊन हजर. फुटलेली ढोपरं आणि निखळलेली बोटं मी पुष्कळ पाहिली आहेत, तेव्हा मी काही उगीच घाबरणारी आई नाही. पण बर्फावर सुसाट येऊन एकाने दुसऱ्याला भिंतीवर आपटायचं, याला खेळ म्हणायला माझी तयारी नव्हती. मी सरळ सांगितलं, बंद कर. ती म्हणाली, "आई, मी बचावाला खेळते. तीन सीझनमध्ये माझा एकही गोल नाही. एक गोल होऊ दे, की बास. मग बूट विकून टाकते. शब्द देते."

आमच्या घरात शब्द दिला की दिला. मी थांबले. ती पुढचा सगळा सीझन खेळली आणि गोल काही झाला नाही. एप्रिलमध्ये फोन आला की टीम फायनलला गेली आहे. मी म्हटलं, मी येते. तो गोल मला डोळ्यांनी बघायचा आहे, आणि ते बूटही माझ्यासमोर विकायचे आहेत.

यजमान येणार नव्हतेच. एप्रिलात हापूसच्या बागेतून ते स्वतःच्या लग्नालाही उठले नसते.

ज्यांना बहारीनला जायचं आहे त्यांच्यासाठी कामाचं सांगते. व्हिसा ऑनलाइन मिळतो. माझा मनूने काढला. पासपोर्ट, परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता एवढं हाताशी ठेवा. मुंबईहून थेट विमान चार तासांच्या आत पोचवतं. दापोलीहून मुंबईला पोचायला मला त्याहून जास्त वेळ लागला. मुंबई-गोवा हायवेबद्दल इथे काही लिहीत नाही, हा ब्लॉग घरातली लहान मुलंही वाचतात. घड्याळ अडीच तास मागे घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्वेटर न्या. मी नेला नाही, कारण वाळवंटात स्वेटर नेणारी बाई मला वेडी वाटली असती. त्याचे भोग पुढे येतातच.

विमानतळ मुहर्रक बेटावर आहे. मनू घ्यायला आली होती. पूल ओलांडला, उंच इमारती गेल्या, आणि गाडीत मी तिला हाड लपवल्याबद्दल बोलायला सुरुवात करते न करते तोवर उम्म अल हस्सममधलं तिचं घर आलं. या देशात हीच अडचण आहे. कुठेही जायला निघा, भांडण पुरं व्हायच्या आत पोचता. गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या दाटीवाटीने लावलेल्या, खाली किराणा, केरळी हॉटेल, न्हावी, आणि भिंतीच्या खिडकीतून गरम खुब्स देणारी भट्टी. खुब्स म्हणजे तिथली मोठी, पातळ, फुगे आलेली रोटी. सकाळी लोक तीन-चार रोट्या वर्तमानपत्रात गुंडाळून नेतात आणि घरी पोचेपर्यंत एक खाऊन संपवतात. मीही तसंच केलं. स्वस्त आहे, पोट भरतं, नक्की खा.

रुक्साना पहिल्याच दुपारी तळलेली साफी मासळी घेऊन आली. हर्णैच्या माणसाला तिथली मासळी पसंत पडणं कठीण, पण साफी चांगली लागते, काटा मात्र जपून. रुक्सानाचा नवरा कंपनीची बस चालवतो, पहाटे सित्राच्या कारखान्यांकडे कामगार पोचवतो. ती मला टीचर म्हणते. माझ्या हाताखाली ती कधी शिकली नाही, तरी म्हणते. हाडाची बातमी बहिणीला सांगितल्याबद्दल मनूने तिला फैलावर घेतलं होतं, त्यामुळे ती जरा दबून होती. मी तिला कुळथाच्या पिठाचा पुडा दिला आणि यापुढेही अशाच बातम्या कळव म्हणून सांगितलं. मनू स्वयंपाकघरातून ऐकत होती.

फायनल शुक्रवारी होती. मधल्या दिवसांत मनूने रजा काढून मला फिरवलं. माझा वैताग इथूनच वाढत गेला. आधी तिने मला 'जीवनवृक्ष' दाखवायला नेलं. वाळवंटात एकटं उभं असलेलं एक झाड. कित्येक शतकांचं आहे, पाणी कुठून मिळतं कोणाला माहीत नाही. अर्धा देश ओलांडून, तेलाच्या नळ्यांच्या कडेकडेने जाऊन, उन्हात उभं राहून मी एक झाड पाहिलं. आमच्या घरामागे आंबा, फणस, रातांबा सगळं आहे, तिकडे कोणी तिकीट काढून येत नाही, असं मी म्हटलं. मनू म्हणाली, इथेही तिकीट नाही. ते खरं होतं. थोड्या वेळाने मी त्याच्या सावलीत बसले. सावली चांगली होती, हे कबूल करते. पाणी बरोबर न्या, तिथे काही मिळत नाही.

किल्ला मात्र चुकवू नका. समुद्राला लागून आहे, संध्याकाळी जा. मुहर्रकच्या जुन्या गल्ल्या पायी बघा. मोती काढणाऱ्यांची, व्यापाऱ्यांची जुनी घरं, कोरीव दारं, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर घट्ट गोड करक चहा. टॅक्सीत बसलात तर मीटर चालू आहे ना ते पाहा. पायी चालायचं म्हणाल तर शहरात रस्ता ओलांडणं हाच एक मैदानी खेळ आहे. गाडीवाले थांबतात, पण थांबणार आहेत की नाही हे शेवटपर्यंत कळू देत नाहीत.

बुधवारी संध्याकाळी मनूने मला सरावाला नेलं. बाहेर उन्हाने गाडीचं हँडल तापलेलं, आणि एक दार उघडून आत गेलो तर शीतकपाट. मी सुती साडीत. मनूने आपलं जाकीट मला दिलं, त्याला घामाचा असा वास होता की थंडी परवडली असती. समोर पांढरा बर्फ, भोवती लाकडी कठडा, त्याच्यावर काच. आणि त्या बर्फावर बँकवाले, शिक्षक, नर्स, रिफायनरीतले इंजिनियर अशी बारा गावची माणसं काठ्या घेऊन एकमेकांमागे धावत होती. कोण कोणाच्या बाजूने हेच कळेना. खेळ चालू असताना खेळाडू मनाला येईल तेव्हा कठड्यावरून उडी मारून बाहेर येतात आणि दुसरे आत जातात. पंचाला विचारत नाहीत, हातसुद्धा वर करत नाहीत. मी जागच्या जागी तळमळत होते.

माझ्या शेजारी येऊन बसला तो ग्रेग. तो मॅचचा रेफरी. उंच, पिकलेल्या दाढीचा, पुढचे दोन दात नाहीत. तरुणपणी कॅनडात पैसे घेऊन खेळायचा, धंदाच तो, आता सित्रामध्ये नोकरी करतो. मनूने त्याला मी पंच असल्याचं सांगितलं होतं. एका पंचाला दुसरा पंच भेटला की जे होतं ते झालं. माझं शाळेतलं इंग्रजी आणि त्याचं बिनदाताचं इंग्रजी, पण गाडी चालली.

त्याने समजावलं की आमच्या या लीगमध्ये अंगावर जाणं मना आहे. व्यावसायिक खेळात ते चालतं, खांद्याने, समोरून, आणि ज्याच्याकडे चकती आहे त्यालाच. इथे चेंडू नाही, काळ्या रबराची चकती असते. पाठीमागून ढकललं, डोक्याला लागलं, की शिक्षा. साध्या चुकीला दोन मिनिटं बाहेर. हे ऐकून मला त्या खेळाबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं. आमच्याकडेही पिवळं कार्ड दाखवलं की गडी दोन मिनिटं बाहेर बसतो. मग त्याने सांगितलं की व्यावसायिक सामन्यात दोघे हातमोजे टाकून मारामारी करायला लागले तर पंच बाजूला उभे राहतात, एक जण खाली पडेपर्यंत, आणि मग दोघांना पाच मिनिटं. मी म्हटलं, आमच्याकडे नुसतं पंचाला उलट बोललं तरी कार्ड निघतं. हातात बांगडी, अंगठी चालत नाही. सामन्याआधी मी प्रत्येकाची नखंसुद्धा तपासते. नखं ऐकून तो इतका हसला की कठड्यापाशी आलेले दोघे थांबून बघायला लागले.

गोलाबद्दल मीच विचारलं. जाळ्याच्या तोंडाशी एक लाल रेषा असते. चकती अख्खी त्या रेषेच्या पलीकडे गेली तरच गोल. मोठ्या सामन्यात वर कॅमेरे असतात, दुसऱ्याच शहरात बसलेली माणसं पुन्हा पुन्हा बघून निर्णय देतात, आणि तरीही वर्षानुवर्षं भांडणं चालतात. इथे कॅमेरा नाही. जाळ्यामागे काचेपलीकडे एक माणूस बसतो. त्याच्या हाताशी बटण, दाबलं की लाल दिवा लागतो. म्हणजे निर्णय रेफरीचाच, पण त्याची मदार या माणसाच्या डोळ्यांवर.

"आणि खेळाडू स्वतः सांगत नाही? त्याला तर दिसतं," मी म्हटलं.

"धंद्यात नाही," ग्रेग म्हणाला. "धंद्यात शंका असली की हात जास्त उंच करायचे."

शुक्रवारी दुपारी नमाजानंतर सामना. मनूची टीम निळी, समोरची पांढरी. रुक्साना आणि तिचा नवरा खजूर आणि थर्मास घेऊन आले होते. मी रुक्सानाच्या दोन शाली पांघरून बसले. सामना सुरू व्हायला थोडा वेळ असताना ग्रेग माझ्यापाशी आला. पांढऱ्यांच्या जाळ्यामागे बसणारा माणूस सौदीच्या पुलावर गर्दीत अडकला होता, इंशाल्ला येईल म्हणत होता. तुम्ही बसाल का?

मी नाही म्हटलं. माझी मुलगी खेळते आहे. आमच्याकडे भाच्याचा सामना असला तरी मी शिट्टी दुसऱ्याच्या हातात देते. ग्रेग म्हणाला, या हॉलमध्ये जो कोणी आहे तो कोणाचा तरी नवरा, बायको नाहीतर साहेब आहे. त्याने पांढऱ्यांच्या कॅप्टनला बोलावलं. यूसुफ त्याचं नाव, बुसैतीनचा, भिंतीसारखा रुंद. यूसुफने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, हातमोजे काढले आणि दोन्ही हात माझ्यासमोर धरले. नखं तपासा म्हणाला. मनूने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

मी तपासली. स्वच्छ होती. मग नाही कसं म्हणणार?

जाळ्यामागच्या उंच स्टुलावर मला बसवलं. ग्रेगने नियम पुन्हा सांगितला, चकती अख्खी पलीकडे. मी समजलं म्हटलं. समजलं होतंच. चाळीस वर्षं नियमच तर समजावत आले आहे मी.

सामन्याचं सगळं वर्णन करत नाही, कारण अर्धा मला दिसला नाही आणि उरलेल्यात काय चाललंय ते कळलं नाही. पहिल्या भागात पांढऱ्यांनी एक गोल केला, मग निळ्यांनी. निळ्यांचा तो माझ्या बाजूच्या जाळ्यात, इतका सरळ की दिवा माझ्या आधी प्रेक्षकांनीच लावला असता. मधल्या विश्रांतीत मी जागेवरच राहिले. मग बाजू बदलल्या तेव्हा मला दुसऱ्या टोकाला नेऊन पुन्हा पांढऱ्यांच्याच जाळ्यामागे बसवलं. पुलावरचा माणूस अजून पुलावरच होता.

दोन-दोन झालं होतं तेव्हा यूसुफने मनूला मारलं. मारलं म्हणजे ढकललं, पण मी आई आहे, मी मारलं म्हणणार. मनू कठड्याजवळ चकती काढायला वाकली होती आणि तो मागून आला. माझ्यापासून दोन हातांवर ती काचेवर आपटली. हेल्मेट काचेला लागलं तो आवाज मला अजून ऐकू येतो. मी स्टुलावरून उतरले होते. माझ्या हाताने गळ्यातली शिट्टी शोधली, आणि शिट्टी दापोलीला. ग्रेगने हात वर केला, खेळ थांबवला, यूसुफला बाहेर पाठवला. दोन मिनिटं. मला त्या क्षणी दोन वर्षंही कमी वाटली. मनू उठली, काचेतून माझ्याकडे बघून अंगठा दाखवला, आणि बाकावर न जाता तिथेच खेळत राहिली. मी रागाने थरथरत पुन्हा स्टुलावर चढले. त्यात थंडीचाही भाग होता.

यूसुफ परत आला तेव्हा वेळ जवळजवळ संपत आली होती. पांढऱ्यांच्या गोलीसमोर, म्हणजे गोलरक्षकासमोर, नुसती रेटारेटी. कोणीतरी लांबून फटका मारला, चकती गोलीच्या पायाला लागून उडाली, आणि गर्दीतून मनू आली. बचावाची जागा सोडून आली होती. तिने पडता पडता काठी पुढे घातली. चकती गोलीच्या गुडघ्याखालून घसरत, घसरत आली. माझ्या डोळ्यांसमोर. लाल रेषेला लागली.

मी बटण दाबलं.

दिवा लागला, आणि त्याच क्षणी गोली चकतीवर पसरला. निळ्यांची सगळी टीम बाकावरून बर्फात उड्या मारून आली. रुक्साना उभी राहून शाल, म्हणजे तिची तिसरी शाल, हवेत फिरवत होती. पांढऱ्यांचा गोली काठी बर्फावर आपटत ओरडत होता. यूसुफ ग्रेगपाशी जाऊन हातवारे करत होता. आणि मनू एकटी जाळ्याजवळ गुडघ्यावर बसली होती. तिने हात वर केले नव्हते. ती काचेतून माझ्याकडे बघत होती.

माझं बोट अजून बटणावर होतं. मी काय केलं ते मला तेव्हा कळलं. कबड्डीत चढाई करणाऱ्याला सात जणांनी धरलेलं असो, तो पालथा पडलेला असो, त्याचं नुसतं बोट मध्यरेषेला लागलं की तो सुटला. मग ज्यांनी धरलं ते सगळे बाद. रेषेला लागलं की झालं. माझ्या डोळ्यांना तेवढंच बघायची सवय. माझ्या हाताने बटण दाबताना कोणाला विचारलं नाही, मला तर नाहीच नाही.

ग्रेग काचेजवळच्या फटीशी आला. मागे दोन्ही कॅप्टन.

"मॅडम, तुम्ही पाहिलं?"

पाहिलं होतं. माझ्याइतक्या जवळून कोणीच पाहिलं नव्हतं. गोलीच्या खाली आता चकती कुठे होती ते देवालाही ठाऊक नव्हतं. मी हो म्हटलं असतं तर मनूचा पहिला गोल, तिच्या टीमचा कप, आणि तिने दिलेला शब्द पुरा. बूट विकायचे आणि खलास. हाड मोडण्याच्या बातम्या लिलावात ऐकायच्या नाहीत. ज्यासाठी मी विमानात बसले ते सगळं एका शब्दावर होतं, आणि तो शब्द माझ्या तोंडात होता. मला मनूचा इतका राग आला. आली कशाला पुढे, बचावाला असून? आणि आलीच तर एक वीत अजून ढकलायला काय झालं होतं?

"रेषेला लागली," मी म्हटलं. "पलीकडे नाही गेली."

"मग दिवा?"

"माझी चूक. माझ्या खेळात रेषेला लागलं की झालं."

ग्रेगने माझ्याकडे क्षणभर पाहिलं. हसला नाही, त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे. मागे वळून त्याने दोन्ही हात आडवे फिरवले. गोल नाही.

निळ्यांचा कॅप्टन, एका बँकेतला मोठा साहेब, माझ्याकडे बघून काहीतरी बोलला. काचेमुळे ऐकू आलं नाही, ते बरंच झालं. सामना बरोबरीत सुटला की एकेकाने गोलीसमोर जाऊन मारायचं असतं, तसं झालं, आणि पांढरे जिंकले. यूसुफने कप घेतला, आणि मग तो कप काखेत धरूनच मनूकडे गेला. बराच वेळ बोलत होता. तिने त्याच्या हेल्मेटवर टपली मारली. मारून घ्यायला तो वाकला होता.

रुक्साना मला जिन्यावर भेटली. तिला राहवलं नाही. "टीचर, देऊन टाकायचा होता ना गोल. मुलगी पण खूश, तुम्ही पण खूश. कोण बघतंय?"

मी म्हटलं, मीच बघत होते, तिथेच तर सगळी पंचाईत झाली.

गाडीत बसलो. घर जवळ, त्यामुळे आपणच काय ते लवकर बोलायला हवं होतं. पण तिने घराकडे वळायच्या ऐवजी गाडी बुसैतीनच्या किनाऱ्यावर नेली. ऊन उतरत होतं, पलीकडे राजधानी मनामाच्या इमारती दिसत होत्या. माणसं सतरंज्या टाकून चहा पीत होती. आम्ही कठड्यावर बसलो. तिने शवर्मा आणला होता, एक मला दिला. तिच्या गालावर हेल्मेटचा वळ उठला होता.

"रागावलीस?" मी विचारलं.

"बटण का दाबलंस, याचा राग आला. थोडा वेळ सगळ्यांना वाटलं ना."

"आणि नाही म्हटलं त्याचा?"

तिने घास संपवला. "मला दिसलं होतं ना आई, आत गेली नाही ते. मी नुसती बघत होते, तू काय सांगतेस."

 मी विचारलं की तू का नाही सांगितलंस मग. ती म्हणाली, सांगणार होते, पण पंचाला विचारलं होतं, खेळाडूला नाही, आणि पंच बोलायच्या आधी बोललेलं तुला चालत नाही. हे मीच तिला शिकवलं होतं, आठ वर्षांची होती तेव्हा, शाळेच्या मैदानावर. मी तिच्या गालावरच्या वळाला हात लावला. तिने लावू दिला. मला फार अभिमान वाटला, आणि त्याच वेळी असं वाटलं की हिचे कान उपटावेत.

दुसऱ्या दिवशी यूसुफने दोघींना जेवायला बोलावलं. त्याच्या आईने केलेला मच्छबूस, म्हणजे मसाल्याचा भात आणि वर अख्खा मासा, मी आयुष्यात विसरणार नाही. तिला इंग्रजी येत नाही, मला अरबी येत नाही. आम्ही दोघींनी आपापल्या मुलांकडे बोट दाखवून डोक्याला हात लावला आणि एकमेकींना सगळं समजलं. निघताना तिने मुहर्रकच्या हलव्याचा डबा दिला. हलवा तिथूनच घ्या, केशराचा घ्या, सामानात वर ठेवा.

परत येऊन महिना झाला. लोक विचारतात, बहारीन कसं आहे, जावं का? जरूर जा. थंडीत जा, एप्रिलनंतर जाऊ नका. चार-पाच दिवस पुरतात. खुब्स, साफी, करक, किल्ला, एवढं चुकवू नका. झाड बघा नाहीतर नका बघू. कोणी कुठल्या खेळाच्या स्टुलावर बसायला सांगितलं तर आधी विचार करा. परवा गुहागरला सामने होते. एकाचं बोट मध्यरेषेला लागलं आणि माझी शिट्टी वाजायला उशीर झाला. मी रेषेच्या पलीकडे बघत राहिले होते. दोन्ही संघ माझ्याकडे बघत होते. असं माझं आजवर कधी झालं नव्हतं.

काल हर्णैला गेले. लिलावात रुक्सानाची बहीण भेटली. तिला सगळं माहीत होतंच, मी सांगायच्या आधी.

"सुटला का मग मुलीचा खेळ?" तिने विचारलं.

"नाही. गोल झाला की सोडणार होती. झाला नाही."

"झाला होता म्हणे. तुम्ही दिला नाहीत."

मी सुरमईचा भाव विचारला. तेवढ्यात पिशवीत फोन वाजला. मनूचा फोटो. विकायचे होते ते बूट नव्हेत, नवे कोरे बूट, खोक्यासकट. खाली लिहिलं होतं, सप्टेंबरपासून सीझन, शब्द पाळणार, एक गोल झाला की बास.

मी सुरमई एका हातात धरून दुसऱ्या हाताने उत्तर लिहिलं. अख्खी पलीकडे जाऊ दे. रेषेवर ठेवलीस तर मी पुन्हाही देणार नाही.